क्रॉनिकलिंग अमेरिका: छोट्या गावांच्या साप्ताहिकांचा माग काढताना

गेले काही महिने मी 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा जुन्या अमेरिकी वर्तमानपत्रांचा ऑनलाइन संग्रह जवळजवळ रोज वापरतो आहे. कॅन्सस, नेब्रास्का, डकोटा या भागांतल्या छोट्या गावांची साप्ताहिकं कशी निघाली, कशावर जगली आणि का बंद पडली, एवढंच मला समजून घ्यायचं होतं. लायब्ररी ऑफ काँग्रेस हे अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज ही मानव्यविद्यांना अनुदान देणारी सरकारी संस्था यांनी मिळून उभा केलेला हा संग्रह २००७ पासून सर्वांना खुला आहे. पैसे पडत नाहीत आणि दोन कोटींहून जास्त पानं बघता येतात.

नवख्या माणसाला माझं सांगणं असं, की शोधाच्या चौकटीत शब्द टाकण्याआधी वर्तमानपत्रांची सूची उघडा. गावची साप्ताहिकं सतत नावं बदलतात. मालक बदलला, पक्ष बदलला, शेजारचं पत्र विकत घेतलं, की नाव नवं. सूचीत प्रत्येक पत्राच्या नोंदीत आधीचं नाव आणि नंतरचं नाव यांचे दुवे असतात, त्यामुळे एकाच छापखान्याची वंशावळ हाती लागते. स्कॅन केलेल्या बहुतेक पत्रांबरोबर त्यांच्या इतिहासाची छोटी टिपणंही आहेत. ती आधी वाचावीत.

खरी गोष्ट पुढे आहे. या पानांवर काही आठवडे घालवल्यावर लक्षात येतं, की गावच्या साप्ताहिकातला निम्मा मजकूर गावातला नसायचाच. १८६१ साली, यादवी युद्धाच्या काळात, विस्कॉन्सिनमधल्या बाराबू गावच्या 'बाराबू रिपब्लिक'चे कामगार सैन्यात गेले. संपादक ॲन्सेल केलॉग यांनी मॅडिसनच्या 'विस्कॉन्सिन स्टेट जर्नल'कडून एका बाजूनं छापून तयार असलेले कागद मागवले आणि उरलेली बाजू स्वतःकडे छापली. पुढे १८६५ मध्ये त्यांनी शिकागोत याचाच धंदा सुरू केला. हा प्रकार इतका फोफावला, की वेस्टर्न न्यूजपेपर युनियन ही या धंद्यातली मोठी कंपनी १९५२ पर्यंत असे कागद पुरवत होती.

हे पडद्यावर प्रत्यक्ष दिसतं. असा कागद मधोमध दुमडला, की एका बाजूची दोन पानं आत जातात आणि दुसऱ्या बाजूची दोन बाहेर राहतात. दोन वेगळ्या राज्यांतल्या साप्ताहिकांचे साधारण एकाच काळातले अंक शेजारी-शेजारी उघडा. दुसऱ्या-तिसऱ्या पानांवर तीच क्रमशः कथा, तेच विनोद, त्याच औषधांच्या जाहिराती. या पानांची छपाई एकसारखी आणि रकाने सरळ. पहिल्या आणि चौथ्या पानावर मात्र झिजलेले खिळे (छपाईचे धातूचे अक्षरठसे), कुठे दाट तर कुठे फिकी शाई, वाकड्या रेघा. कोण कुणाकडे पाहुणा आला, कुणी वर्गणीपोटी सरपण आणून टाकलं, हे सगळं तिथेच सापडतं. काही पत्रांत मांडणी उलटी असते, घरचा मजकूर आत आणि बाहेरून आलेला बाहेर. म्हणून माझा क्रम आता ठरून गेला आहे: आधी कोणतं पान गावात छापलंय ते ओळखायचं, मगच वाचायला बसायचं. हे न करता कथा आणि पाककृती वाचून गावच्या आवडीनिवडींवर निष्कर्ष काढले, तर ते साफ चुकतील.

शब्दशोधावर मात्र फार विसंबू नका. पानं मायक्रोफिल्मवरून (म्हणजे छोट्या फिल्मवर काढलेल्या फोटोंवरून) घेतलेली, मूळ कागद पिवळा, शाई फुटलेली. संगणक अशी छापील अक्षरं वाचतो तेव्हा आडनावांचा चुराडा होतो, शेजारच्या रकान्यातली ओळ मध्येच घुसते. एखाद्या घराण्याचा शोध घेत असाल तर आडनाव सोडा आणि टाउनशिपचं (म्हणजे गावाभोवतालच्या छोट्या प्रशासकीय विभागाचं) किंवा जवळच्या टपाल कचेरीचं नाव टाका. मला यानं जास्त मिळालं.

सगळ्यात जास्त वेळ मी जमिनीच्या नोटिसांवर घालवला आणि तो सार्थकी लागला. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळे, पण पाच वर्षं राहून, कसून ते सिद्ध करावं लागे. १८७९ पासून असा पुरावा देण्याआधी जमिनीच्या सर्वांत जवळच्या वर्तमानपत्रात अर्जदाराच्या खर्चानं जाहीर नोटीस देणं सक्तीचं झालं. नोटिशीत अर्जदाराचं नाव, जमिनीचा सेक्शन (सरकारी मोजणीतला एक चौरस मैलाचा तुकडा) क्रमांक आणि साक्षीदारांची नावं असतात. म्हणजे कुणाचे शेजारी कोण, हे थेट छापील मिळतं. यावर कितीतरी साप्ताहिकं उभी राहिली. जिथे मोजकेच वर्गणीदार, तिथेही नोटिसांचे रकाने भरलेले. जमिनीचे दावे निकालात निघाले, की हे रकाने आटत जातात आणि अनेकदा त्या मागोमाग पत्रही बंद पडतं. एका पत्राचे अंक सलग चाळले तर हा उतार डोळ्यांना दिसतो, आणि मला तरी संपादकाच्या निरोपाच्या अग्रलेखापेक्षा तो जास्त खरा वाटतो.

स्कॅन केलेली पानं १९६३ पर्यंतचीच आहेत आणि मधली वर्षंही बऱ्याच ठिकाणी गायब असतात, कारण ते अंक कुणी जपलेच नाहीत. अशा वेळी पुन्हा सूचीकडे वळा. कोणत्या ग्रंथालयात कोणत्या वर्षांचे अंक किंवा फिल्म आहे ते तिथे नोंदलेलं असतं. पान उतरवून घेताना त्याचा दुवा, तारीख आणि पान क्रमांक लगेच लिहून ठेवा, कारण नंतर फाइलच्या नावावरून काहीच उमगत नाही.