जॅकी रॉबिन्सन की मुहम्मद अली?

अमेरिकेचा समाज जास्त कुणी बदलला, हा वाद निघाला की माझं मत बेसबॉलपटू रॉबिन्सनच्या बाजूने पडतं. बॉक्सर अलीवर माझा जीव आहे, तरीही.

१५ एप्रिल १९४७. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर रॉबिन्सन पहिल्या बेसवर उभा राहिला आणि मेजर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेत, कृष्णवर्णीय खेळाडूंवर असलेली कित्येक दशकांची बंदी मोडली. मुळात हा माणूस गप्प बसणारा नव्हता. १९४४ मध्ये लष्करात असताना बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिला म्हणून त्याच्यावर कोर्ट मार्शल झालं; त्यातून तो निर्दोष सुटला. अशा माणसाने आपल्या संघाचा प्रमुख ब्रँच रिकी याला शब्द दिला, की शिव्या खाईन पण उलट उत्तर देणार नाही. प्रेक्षक आणि विरोधी खेळाडू वाट्टेल ते बोलत होते, आणि तो दात-ओठ खाऊन खेळत राहिला. हा संयम मला कुठल्याही ठोशापेक्षा जड वाटतो. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल यायला तेव्हा अजून सात वर्षं होती!

अलीची वाट उलटी. २८ एप्रिल १९६७ला ह्यूस्टनमध्ये व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या सक्तीच्या सैन्यभरतीसाठी नाव पुकारलं गेलं, आणि युद्धाला विरोध म्हणून तो जागचा हलला नाही. किताब गेला, पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली, ऐन उमेदीची साडेतीन वर्षं रिंगणाबाहेर गेली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. जगभर पोहोचला तो अलीच, हे मान्य.

पण अलीने देशाला जाब विचारला, तेव्हा मैदानाचं दार उघडून वीस वर्षं झाली होती. ते रॉबिन्सनने उघडलं होतं.