मरीन (समुद्री माशांच्या) टँकमधला इक, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा आजार: कॉपर, मीटर आणि माशांविना ७६ दिवस (आठ महिन्यांचा अनुभव)

गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून रात्रीच्या बसने एक लहान पावडर ब्लू टँग (निळा समुद्री मासा) कोल्हापूरला आणला. पिशवी तरंगवून तापमान जुळवलं आणि तासाभरात तो मेन टँकमध्ये सोडला. क्वारंटाइन केलं नाही. ती चूक माझी.

टँक चार फुटी, पाणी साधारण अडीचशे लिटर. क्लाउन माशांची जोडी, एक डॅम्सल मासा, क्लीनर श्रिंप (कोळंबी), हर्मिट क्रॅब (शंखातला खेकडा) आणि थोडे सॉफ्ट कोरल (प्रवाळ). आठवड्याभरात टँगच्या परांवर मिठाचे दाणे चिकटावेत तसे ठिपके दिसले. चार-पाच दिवसांत ते आपोआप गेले आणि मला वाटलं, मासा बरा झाला. दहा दिवसांनी सगळ्याच माशांवर ठिपके आले, आधीपेक्षा कितीतरी जास्त.

हे समजायला मला फार वेळ लागला, म्हणून नीट सांगते. इक ज्याच्यामुळे होतो तो क्रिप्टोकॅरियन हा परजीवी माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस राहतो, मग स्वतःच गळून पडतो आणि वाळूत, दगडावर, काचेवर कवच करून बसतो. त्या एका कवचातून शेकडो पिल्लं निघतात आणि पुन्हा मासा शोधतात. ठिपके जातात तेव्हा आजार फक्त माशावरून तळाशी गेलेला असतो. गोड्या पाण्यातल्या इकशी याचं नावापुरतंच साम्य आहे, त्यामुळे हीटर वाढवण्याचा सल्ला इथे चालत नाही. लसणाच्या रसात भिजवलेलं खाणंही दिलं. मासे आवडीने खाऊ लागले, पण ठिपके होते तसेच.

दुकानातून ‘रीफ-सेफ’ (कोरल-श्रिंपना अपाय न करणारं) म्हणून मिळालेलं औषध आठवडाभर घातलं. त्यात वेळ गेला आणि मोठी क्लाउन गेली. चार वर्षं होती ती. सासूबाई रोज सकाळी तिला हाताने खाऊ घालायच्या. त्या दिवशी घरात कुणी फारसं बोललं नाही.

२८ जूनला उरलेले तिन्ही मासे मागच्या खोलीतल्या ऐंशी लिटरच्या टाकीत हलवले. वाळू नाही, दगड नाही, कारण दोन्ही कॉपर, म्हणजे उपचाराचं तांब्याचं औषध, शोषतात. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एक स्पंज फिल्टर. चेलेटेड कॉपर (पाण्यात विरघळलेलं टिकून राहणारं) चार दिवसांत हळूहळू वाढवत २.२ पीपीएमला (लिटरमागे मिलिग्रॅम) नेलं आणि तिथून तीस दिवस मोजले. पहिले काही दिवस ठिपके दिसतच राहिले. कॉपर मारतं ते पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखालचा आणि कवचातला परजीवी त्यातून वाचतो. हे माहीत नसतं तर घाबरून मी डोस आणखी वाढवला असता.

पैसे वसूल झाले ते हॅना कंपनीच्या हाय रेंज कॉपर चेकरचे, म्हणजे कॉपर मोजणाऱ्या डिजिटल मीटरचे. आधी रंग जुळवायचं लिक्विड किट होतं, पण ट्यूबलाइटखाली १.५ आणि २.० यांतला फरक मला कळेना. दोनच्या खाली गेलं तर उपचार फुकट, फार वर गेलं तर मासा खाणं सोडतो. मीटर आकडाच दाखवतो. बाटलीवर बोटांचे ठसे नकोत आणि पावडर पूर्ण विरघळली पाहिजे, एवढं पाळलं की रीडिंग स्थिर येतं. पाणी बदलताना नवीन पाण्यात आधीच तेवढंच कॉपर मिसळायचं, नाहीतर पातळी खाली येते.

खरा त्रास अमोनियाने दिला. स्पंज कोरा होता, माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया त्यात नव्हते. पहिले दोन आठवडे जवळपास रोज पाणी बदललं. पावसाळ्यात पंचगंगा वाढली की इथे नळाचं काय होईल याचा नेम नाही, म्हणून आरओचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवलं होतं. ते कामी आलं. लाइट गेल्यावर बॅटरीवरचा एअर पंपही. आता एक स्पंज कायम मेन टँकच्या संपमध्ये (फिल्टरच्या टाकीत) पडून असतो.

मेन टँक ७६ दिवस माशांविना ठेवला. काही कवचं दोन महिन्यांहून जास्त काळानेही फुटतात, म्हणून हा आकडा. श्रिंप आणि कोरल तिथेच राहिले, त्यांना इक होत नाही. जाळी, बादली, टॉवेल सगळं वेगळं, आणि हातही आधी मेन टँकमध्ये, मग मागच्या खोलीत. गणपतीत पाहुणे आले तेव्हा पेटी रिकामीच. ‘अगं, मासं कवा येणार परत?’ हे सासूबाई रोज विचारायच्या. कॅलेंडरवर त्यांनीच १२ सप्टेंबरला गोल केला होता.

तीस दिवस झाल्यावर धुऊन कोरड्या केलेल्या दुसऱ्या टाकीत, नव्या पाण्यात तिन्ही मासे ठेवले. गोल केलेल्या दिवशी ते मेन टँकमध्ये परत गेले. तेव्हापासून पाच महिने एकही ठिपका नाही. पाण्याचं हीटर मध्ये एकदा बिघडलं, टँग दोन दिवस लपून बसला, तरीही नाही.

एक गोष्ट उशिरा कळली. गोगलगाईच्या शंखावर किंवा कोरलच्या बुडख्यावरही कवचं येऊ शकतात. म्हणून डिसेंबरमध्ये घेतलेला झोअँथिड कोरलचा तुकडा अजून वेगळ्या डब्यात आहे, त्याचे ७६ दिवस पुढच्या आठवड्यात भरतील. मागच्या खोलीत नवीन क्लाउन आहे. कॉपरचा आज एकोणिसावा दिवस, सकाळचं रीडिंग २.२१. सासूबाईंच्या हातून खायला लागलीय.