हुमणीसाठी सूत्रकृमी सोडले त्याला आठ महिने झाले

हुमणी, म्हणजे पिकाची मुळं कुरतडणारी भुंगेऱ्याची अळी, मारायला मागवलेलं सूत्रकृमींचं (धाग्यासारख्या सूक्ष्म जंतांचं) पाकीट घरात आलं तेव्हा अण्णांचा पहिला प्रश्न होता, "सूत्रकृमी मारायला आजवर आपण किती औषध ओतलं, आणि आता तू ते विकत आणून सोडणार?" प्रश्न रास्त होता. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी आणि हे किडीवर जगणारे सूत्रकृमी यांचं नाव एक, धंदा वेगळा. हे पिकाच्या मुळाला तोंड लावत नाहीत. अण्णांना पटलं असं नाही, पण "चार सऱ्यांत करून बघ" एवढी परवानगी मिळाली. बरंच झालं, कारण पहिली खेप अख्खी वाया गेली.

त्यात निम्मा दोष विकणाऱ्याचा. पाकीट वाटेत तीन दिवस उन्हातान्हात फिरून आलं. उघडल्यावर कुजक्या मासळीसारखा वास आला, तरी मी ते पाण्यात कालवलं. बाकीचा निम्मा दोष माझा. पाठीवरच्या पंपाच्या नोझलमागची बारीक जाळी काढली नव्हती, आणि फवारणी केली सकाळी अकराला. सूत्रकृमी उन्हात फार वेळ टिकत नाहीत, अतिनील किरण आणि कोरडेपणा दोन्ही त्यांच्या जिवावर येतात. पंधरा दिवसांनी खणून बघितलं, तर हुमणी होती तशीच, पांढरीशुभ्र, इंग्रजी सी अक्षरासारखी वळून पडलेली.

दुसऱ्या वेळी आधी जिवंतपणा तपासला. चिमूटभर भुकटी काळ्या बशीत पाण्यात टाकायची, अर्धा तास थांबायचं आणि भिंगातून बघायचं. अर्धा ते एक मिलिमीटर लांबीचे पांढरट धागे नागमोडी हलताना दिसले पाहिजेत. सगळेच काडीसारखे सरळ आणि निपचित पडले असतील, तर ते पाणी शेतात नेण्यात अर्थ नाही. बशी हातात घेऊन मी अर्धी संध्याकाळ काढली. हे औषध नाही, पाळीव जनावर आहे, असं डोक्यात पक्कं बसलं ते तेव्हा.

माझ्याकडची जात हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका. ही उष्ण जमिनीत चालते. जमिनीत सोडतो ती त्यांची पिल्लं असतात, तिसऱ्या अवस्थेतली. ती काही खात नाहीत, अंगातल्या साठ्यावर जगतात आणि अळी शोधत फिरतात. तोंड, गुदद्वार किंवा श्वासरंध्र, जिथून वाट मिळेल तिथून आत शिरतात. या वंशाच्या पिल्लांना एक बारीक दातही असतो, त्याने अळीची पातळ कातडी फाडता येते. पण खरा मारेकरी त्यांच्या पोटातला फोटोऱ्हॅब्डस हा जिवाणू. तो अळीच्या रक्तात सुटला की साधारण एक-दोन दिवसांत अळी संपते. मग त्या मढ्यातच सूत्रकृमींची वीण वाढते आणि दोनेक आठवड्यांनी नवी पिल्लं बाहेर पडतात. एका मोठ्या अळीतून लाखांच्या हिशेबात निघू शकतात.

कल्पना नवी नाही. १९२९ साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये ग्लेझर या संशोधकाला जपानी भुंगेऱ्याच्या अळ्यांत असेच सूत्रकृमी सापडले होते, म्हणजे सुरुवातच हुमणीच्या भाऊबंदापासून झाली.

या खेपेला आदल्या दिवशी पाणी दिलं, वाफसा येऊ दिला, म्हणजे चिखल ओसरून नुसती ओल राहू दिली. सूर्य कलल्यावर जाळी काढून, नोझल मोठं ठेवून, बुडख्याशी आळवणी केली, म्हणजे ते पाणी मुळाशी सोडलं. टाकीतलं पाणी सारखं ढवळावं लागतं, नाहीतर सगळे तळाला बसतात आणि शेवटच्या दोन सऱ्यांना भरपेट मिळतात. मात्रेचा ढोबळ हिशेब चौरस सेंटिमीटरला २५, म्हणजे हेक्टरी २५० कोटी. आकडा ऐकून अण्णा हसले. आळवणी झाल्याबरोबर हलकं पाणी दिलं आणि पुढचे दहा-बारा दिवस ओल तुटू दिली नाही. सूत्रकृमी मातीच्या कणांवरच्या पाण्याच्या पापुद्र्यातून सरकतात, माती सुकली की जागच्या जागी थांबतात.

नवव्या दिवशी खुरप्याने बुडखा उकरला. चौथ्या ढेकळाखाली एक हुमणी मिळाली, विटेच्या रंगाची. कुजलेली नव्हती, वास नव्हता, हाताला लिबलिबीत पण अखंड. मी ती डबीत घालून घरी आणली. हे जिवाणू अंधारात मंद चमकतात असं वाचलं होतं, म्हणून न्हाणीघरात दिवा बंद करून दहा मिनिटं बसलो. डोळे सरावल्यावर खरंच पुसटसा हिरवट उजेड दिसला. बाहेरून आईने दार वाजवून विचारलं, "बरं आहे ना?"

आता उणी बाजू. मोठी हुमणी सहज मरत नाही. तिच्या श्वासरंध्रांवर चाळणीसारखं झाकण असतं, ती वारंवार विष्ठा टाकते त्यामुळे मागची वाटही अवघड, आणि अंगाला चिकटलेले सूत्रकृमी पाय घासून झटकते. भुंगेरे दिसून गेल्यावर अळी लहान असताना सोडले तेव्हा निकाल चांगला आला. उशिरा, बोटाएवढ्या अळीवर सोडले तेव्हा दहा खड्ड्यांत फक्त दोन लाल अळ्या मिळाल्या. पीक पिवळं पडायला लागल्यावर पाकीट मागवणाऱ्यांची निराशा होणार. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

साठवणीचाही ताप आहे. थंड जागेत ठेवा एवढं ऐकून आम्ही एक पाकीट फ्रिजमध्ये वरच्या थरात, बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलं. ही उष्ण प्रदेशातली जात, तिला तेवढी थंडी सोसत नाही. अर्धेअधिक मेले. आता जेवढं लागतं तेवढंच मागवतो आणि आल्याच्या संध्याकाळीच सोडतो.

रोपांच्या ट्रेमध्ये घोंघावणाऱ्या बारीक काळ्या माश्यांसाठी स्टायनर्नेमा फेल्टी ही दुसरी जात वापरली. ते काम सोपं. ट्रे सावलीत, माध्यम कायम ओलं, अळ्या नाजूक. दोन आळवण्यांत माश्या दिसेनाशा झाल्या. नुसती रोपवाटिका असणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

शेतात मात्र मी पूर्ण यावर विसंबलेलो नाही. भुंगेरे गोळा करणं आणि नांगरटीत उघड्या पडलेल्या अळ्या वेचणं चालूच आहे. वरच्या टोकाच्या दोन सऱ्यांत पाणी नीट पोचत नाही, तिथे अजून जिवंत हुमणी सापडते. अण्णा ती हातावर ठेवून मुद्दाम मला दाखवायला आणतात.