‘पूर्ण दुरुस्त केलेलं’ जुनं झिथर आणि सोबत फ्री शिकवणी: घेण्याआधी हे वाचा

जुनं कॉन्सर्ट झिथर (आडवं ठेवून वाजवायचं, पडदे असलेलं युरोपियन तंतुवाद्य), पूर्ण दुरुस्त, नव्या तारा, सुरात लावलेलं, सोबत ऑनलाइन शिकवणी आणि मेंटेनन्सचा सल्ला कायमचा फ्री, अशी जाहिरात दिसली तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. मी असंच पॅकेज घेतलं आणि त्यातला एकही शब्द खरा निघाला नाही, म्हणजे ‘जुनं कॉन्सर्ट झिथर’ एवढं सोडून.

वाद्य नकली नव्हतं हे आधी सांगते, कारण बऱ्याच जणांची फसवणूक तिथेच होते. पडदे नसलेलं कॉर्ड झिथर (गिटार-झिथर पण म्हणतात) लोक बिनधास्त ‘कॉन्सर्ट’ म्हणून विकतात. ते वेगळंच वाद्य आहे, तारांखाली खुणांचा कागद सरकवायचा आणि त्यावर बघून वाजवायचं, १८९४ मधे अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं गेलं आणि ‘नोटेशन न शिकता वाजवा’ म्हणत ही असली झिथर दारोदार विकली गेली. वाईट नाही ते, पण ते शिकून कॉन्सर्ट झिथर येत नाही. फोटोत पडद्यांची पट्टी आणि तिच्यावर पाच तारा दिसल्या पाहिजेत, एवढं बघितलं की हा प्रश्न संपला. माझ्यात ते सगळं होतं.

पहिल्या दिवशी मस्त वाजलं. दुसऱ्या दिवशी पडद्यांच्या बाहेरच्या, साथीच्या आणि खर्जाच्या निम्म्या तारा उतरलेल्या. विक्रेता म्हणाला नव्या तारा आहेत, ताणतात, रोज लावत रहा. आता हे खरंच असतं, नव्या तारा ताणतातच, म्हणून तर शंका आली नाही. पण ताणणारी तार दरवेळी आधीपेक्षा कमी उतरते आणि मग बसते. माझ्या तारा तेवढ्याच उतरत राहिल्या, काही तर खुंटी फिरवायची चावी काढल्या काढल्या खाली यायच्या. म्हणजे तार ताणत नव्हती, खुंटी फिरत होती. पडद्यांवरच्या पाच तारांना गिटारसारखी दातेरी मशीन होती, त्या टिकत होत्या, आणि एवढ्या एका गोष्टीवरून जाणकार माणसाला सगळं कळलं असतं. शिकाऊ माणसाला कसं कळणार, आपल्याला वाटतं आपल्यालाच नीट लावता येत नाही.

मग तो म्हणाला खोलीतल्या दमटपणामुळे होतंय. हे पण अर्धं खरं, लाकूड फुगतं, आकसतं, त्याने सूर हलतो, पण हलतो तेव्हा साधारण सगळाच हलतो, सातवी तार गेली आणि आठवी जागेवर असं होत नाही. आणि त्यानंतर त्याने ‘खुंट्यांचं तेल’ पाठवलं, वेगळे पैसे घेऊन. याचा मला अजून राग येतो. झिथरची साधी खुंटी लाकडाच्या घट्ट पकडीवरच उभी असते, दुसरं काही तिला धरत नाही. तिथे तेल गेलं की पकड गेली आणि लाकडात मुरलेलं तेल बाहेर काढता येत नाही. हे त्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

शिकवणीची तर वेगळीच कथा. व्हिडिओ होते, एक हात वाजवताना दिसायचा, चेहरा नाही, आवाज विक्रेत्याचा वरून टाकलेला. व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे बोट ठेवलं की माझा सूर भलताच यायचा. पहिल्या तारेवर बरोबर, दुसऱ्या तारेवर गेलं की चुकलंच. विचारलं तर म्हणे ‘कान तयार व्हायला वेळ लागतो, घाई करू नका’. बरेच दिवस मी कान तयार करत बसले!

शेवटी झिथर वाजवणाऱ्या एका बाईंना तो व्हिडिओ दाखवला, त्यांनी बघताक्षणी सांगितलं की हे व्हिएन्ना पद्धतीचं ट्यूनिंग आहे आणि तुमचं वाद्य म्युनिक पद्धतीने लावलंय. म्युनिकमधे पडद्यांवरच्या तारा ए, ए, डी, जी, सी. व्हिएन्नात ए, डी, जी, परत जी (खालचा), सी. म्हणजे दुसरी आणि तिसरी तारच वेगळी, बोटं जुळणारच नाहीत, कितीही रियाज करा. व्हिडिओ कुणाचे तरी उचललेले होते, आणि आपण विकतोय त्या वाद्याला ते लागू पडतात का एवढंही त्याने पाहिलं नव्हतं, किंवा खरं सांगायचं तर त्याला ते कळतच नसावं. त्या बाईंनी तारा पण बघितल्या, गिटारच्या होत्या. गिटारची तार साधारण ६५ सेंटीमीटर लांबीसाठी केलेली असते, झिथरच्या पडद्यांवरची लांबी ४२-४३, त्यामुळे खालच्या जी आणि सी च्या तारा लुळ्या पडून पडद्यावर खरखरत होत्या. आणि ती खरखर बोटांमुळे येते असं मला शिकवलं गेलं होतं.

दुरुस्ती करणाऱ्याने खुंट्या काढल्या तर भोकांत पॉलिश पेपरचे तुकडे कोंबलेले, काही खुंट्या हातोडीने आत ठोकलेल्या, आणि खुंट्या बसवलेल्या लाकडात एका खुंटीपासून दुसरीपर्यंत गेलेली चीर, ती पुट्टी भरून वरून वॉर्निश मारून झाकलेली. नुसती भोकं सैल असती तर जाड खुंट्या घालून काम झालं असतं. चीर आणि तेल दोन्ही असल्यामुळे ते अख्खं लाकूड बदलायला लागणार होतं, खर्च वाद्याच्या किमतीच्या वर.

म्हणून विकत घेताना फोटोवर जाऊ नका. विक्रेत्याला सांगा की सगळ्या तारा लाव, वाद्याला हात लावू नको आणि दुसऱ्या दिवशी सूर दाखवणाऱ्या ट्यूनरसमोर एकेक तार वाजवून न कापलेला व्हिडिओ पाठव. खुंट्यांचा फोटो बाजूने मागा, उंची कमी-जास्त असेल किंवा तारेचे वेढे लाकडाला टेकले असतील तर खुंट्या ठोकलेल्या आहेत असं समजायला हरकत नाही. आणि ट्यूनिंग म्युनिक की व्हिएन्ना हे विचाराच. ज्याला येतं तो लगेच सांगतो. माझ्या विक्रेत्याने उत्तर दिलं होतं ‘स्टँडर्ड’.

तक्रारीचं म्हणाल तर ‘तारा बसू द्या, कान तयार होऊ द्या’ यातच परत करायची मुदत संपून गेली होती, आणि ते तसंच ठरवून केलं असणार असं मला वाटतं. खूप भांडल्यावर तो म्हणाला वाद्य पाठवा, पूर्ण पैसे देतो. पाठवलं, निम्मेच दिले, मग ब्लॉक केलं.

तेच झिथर आता दुसऱ्या नावाने परत विक्रीला आहे, तारा नव्या, वॉर्निश नवीन. ओळख सांगते: आवाजाच्या गोल भोकाभोवतीच्या नक्षीचा डावीकडचा तुकडा उडालाय आणि तिथे काळा रंग भरलाय, खालच्या तीन पायांपैकी एक रबराचा आहे. फोटोत नक्षीची ती बाजू दिसत नसेल तर मुद्दाम मागा.