बारा जण की पाच जण: बदनाम सैनिकांच्या दोन चित्रपटांपैकी कोणता पाहावा?

शिक्षा झालेले, शिस्त न मानणारे, कोणत्याही अधिकाऱ्याला नकोसे झालेले सैनिक आणि नेमकी त्यांच्याच वाट्याला आलेली जीवघेणी मोहीम, ही कथा आवडणाऱ्यांपुढे बहुधा दोन चित्रपट येतात. एक रॉबर्ट ऑल्ड्रिचचा १९६७ सालचा 'द डर्टी डझन' आणि दुसरा इटालियन दिग्दर्शक एन्झो कास्तेल्लारीचा, १९७८ सालचा, अल्प खर्चात केलेला 'द इनग्लोरियस बास्टर्ड्स'. आमच्या कर्वेनगरच्या घरी महिन्यातून एकदा सहा-सात जण चित्रपट पाहायला जमतात. त्यांच्यासाठी दोहोंपैकी एक निवडण्याची जबाबदारी माझ्यावर आली, म्हणून सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या आणि आता खडकीत राहणाऱ्या माझ्या मामांबरोबर मी एकाच आठवड्यात दोन्ही पाहिले.

ऑल्ड्रिचच्या चित्रपटाचे मोठेपण नाकारण्याचे काहीच कारण नाही. ली मार्विन, चार्ल्स ब्रॉन्सन, जॉन कॅसावेट्स, डोनाल्ड सदरलंड असे अभिनेते एकत्र क्वचितच सापडतात. मार्विन १९४४ साली सायपानच्या लढाईत जखमी झालेला मरीन होता. मी हे सांगण्यापूर्वीच, त्याच्या उभे राहण्याच्या पद्धतीवरून, हा माणूस फौजेतला असावा, असे मामांनी म्हटले होते. प्रशिक्षणाचा भाग त्यांनी अतिशय आवडीने पाहिला. शेवटी तळघरात कोंडल्या गेलेल्या माणसांवर हवेच्या झरोक्यांतून पेट्रोल आणि हातबॉम्ब टाकले जातात, तेव्हा मात्र ते बराच वेळ बोलले नाहीत. विजयाच्या प्रसंगात प्रेक्षकाला इतके अस्वस्थ करण्याचे धाडस दुसऱ्या चित्रपटात नाही, हे मान्य करायला हवे.

तरीही माझा निर्णय एका साध्या त्रासामुळे झाला. बारा जणांपैकी पाच-सहा जणच मनात माणसे म्हणून उभे राहतात. उरलेले बराकीत, रांगेत, जेवणाच्या टेबलावर सतत समोर असूनही वेगळे ओळखू येत नाहीत. अडीच तासांच्या चित्रपटात खरी मोहीम शेवटच्या टप्प्यात सुरू होते आणि एकेक जण पडू लागतो. त्या वेळी मामा मला विचारत होते, "हा कुठला रे? ह्याचा गुन्हा काय होता?" तीन वेळा मला उत्तर देता आले नाही. ज्याच्या मरणाने आपण हळहळावे, त्याचे नावही आठवू नये, हे मला फार खटकले. कदाचित दुसऱ्यांदा पाहताना ही अडचण येणार नाही; पण आमच्याकडे येणारे लोक तो पहिल्यांदाच पाहणार होते.

कास्तेल्लारीकडे पाचच जण आहेत. १९४४ च्या फ्रान्समध्ये त्यांना लष्करी तुरुंगाकडे नेत असताना जर्मन विमानांचा हल्ला होतो, ते निसटतात आणि स्वित्झर्लंडची वाट धरतात. अर्ध्या तासात मामांना पाचही जण ओळखू येऊ लागले होते, आणि लांब केसांचा, हाताला लागेल ते उचलणारा निक पडद्यावर थोडा वेळ दिसला नाही, की "तो चोरटा कुठे गेला?" अशी विचारणा होत होती. वाटेत हे पाच जण जर्मन गणवेशातल्या एका तुकडीला ठार करतात आणि नंतर कळते, की ते वेषांतर केलेले अमेरिकी कमांडो होते. मग त्या मृतांची मोहीम, म्हणजे आगगाडीतून जाणाऱ्या व्ही-२ अग्निबाणाचा जायरोस्कोप हस्तगत करण्याचे काम, यांनाच अंगावर घ्यावे लागते. ऑल्ड्रिचच्या बारा जणांना अधिकारी शिक्षामाफीचे आश्वासन देऊन मोहिमेवर धाडतात. इथे मोहीम त्यांच्या स्वतःच्या चुकीतून उभी राहते. मला ही रचना अधिक घट्ट वाटली.

खर्चातली काटकसर लपत नाही. शेवटच्या स्फोटांत प्रतिकृती ओळखू येतात, संथ गतीतली दृश्ये गरजेपेक्षा जास्त आहेत आणि त्या काळच्या इटालियन पद्धतीप्रमाणे संवाद नंतर बसवलेले असल्याने काही ठिकाणी ओठ आणि शब्द जुळत नाहीत. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात जुने चित्रपट पाहून ज्यांचा डोळा तयार झाला आहे, त्यांना पहिली दहा मिनिटे हे जाणवेल. आम्हांला त्यानंतर जाणवले नाही. शिवाय साधारण शंभर मिनिटांत चित्रपट संपतो, त्यामुळे नंतर बोलायला वेळ उरतो.

मोठे अभिनेते एकत्र पाहण्याची हौस असेल आणि अख्खी दुपार मोकळी असेल, तर १९६७ चा चित्रपट खुशाल निवडावा. आमच्या बैठकीसाठी मी १९७८ चा निवडला. शोधताना वर्ष तेवढे तपासून घ्यावे, कारण क्वेंटिन टॅरँटिनोने २००९ साली जवळजवळ त्याच नावाचा, पण पूर्णपणे वेगळ्या कथेचा चित्रपट केला आहे आणि बहुतेक वेळा तोच आधी समोर येतो.