मिरजेतून आणलेली हवेची गादी आणि सोबतचं सामान, सहा महिने वापरून

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही की नर्स नाही. सांगलीत राहतो, दोन-तीन दुकानांची अकाउंट्स बघतो. गेल्या श्रावणात आई बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून घरात जे काय विकत आणलं, भाड्यानं आणलं, त्यातलं काय कामाचं आणि काय पैसे वाया, ते लिहून ठेवतोय. कारण आम्ही घ्यायच्या आधी शोधत होतो तेव्हा मराठीत धड काही सापडलं नव्हतं, सगळीकडं नुसतं "गुड प्रॉडक्ट, नाइस क्वालिटी".

आईचं वय 79. ऑपरेशन मिरजेत झालं, अर्धा सांधा बदलला. खरंतर या ऑपरेशननंतर एक-दोन दिवसातच उभं करतात, पण आईच्या छातीत कफ झाला, ताप आला, आणि चालवायचं लांबलं ते लांबलंच. घरी आल्यावर तीन आठवडे जवळजवळ पडूनच. डिस्चार्जच्या वेळी सिस्टर म्हणाल्या "एअर बेड घ्या हं, नाहीतर बेडसोर होतील", म्हणजे सारखं पडून राहून दाबानं होणाऱ्या जखमा. झालं, एवढंच ट्रेनिंग.

मिरज म्हणजे एकीकडं सतारी आणि एकीकडं दवाखाने, सर्जिकलच्या दुकानांना काही कमी नाही. आम्ही ज्या दुकानात गेलो तिथं गर्दी होती, पोरानं खोकं काढून दिलं, 3200 रुपये, एक वर्षाची वॉरंटी, पंपाची, गादीची नाही. (हे नीट विचारून घ्या, पंप सहसा बिघडत नाही, फुटते ती गादी.) खोक्यात कागद होता तो इंग्लिश आणि चायनीजमध्ये.

गादी तशी चांगली आहे. फुगे-फुगे असलेली, पंप आळीपाळीनं एका ओळीत हवा भरतो आणि दुसऱ्या ओळीतली सोडतो, म्हणजे अंगाचा एकच भाग सारखा दाबला जात नाही. आवाज अगदी बारीक, आई म्हणायची फ्रिजसारखा घुंई करतोय, दोन दिवसात सवय झाली. वीज पण काही खात नाही.

पण आम्ही काय केलं, गादी अंथरली, तिच्यावर मेणकापड, त्यावर जुनी गोधडी कारण आईला टोचतंय म्हणे, त्यावर चादर. आणि निर्धास्त झालो, एअर बेड आहे ना. नवव्या दिवशी मावशींनी (ब्युरोतून दिवसपाळीला येतात त्या) आईला पुसताना मला हाक मारली, "दादा, हे बघा जरा". माकडहाडावर रुपयाएवढा काळपट लाल डाग, हात लावला तर गरम. मी म्हटलं तेल लावूया का, तर मावशी अशा ओरडल्या माझ्यावर. चोळायचं नाही तिथं अजिबात. आतलं मांस आधीच दुखावलेलं असतं, चोळून ते अजून फाटतं. बोटानं दाबून सोडायचं, लाली क्षणभर जाऊन परत आली तर बरं, दाबूनही लाली जात नसेल तर ती बेडसोरची सुरुवात. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाल दिसतच नाही कित्येकदा, जागा नुसती जास्त काळी दिसते किंवा कडक लागते.

तर या गादीबद्दल जे दुकानात कुणी सांगितलं नाही ते सांगतो. ही गादी साध्या गादीच्या वर अंथरायची, फुगे वरच्या बाजूला, पंप पायाकडं. वर फक्त एक पातळ सुती चादर, ती पण ताणून खोचायची नाही. गोधडी-मेणकापड घातलं की फुग्यांचा उपयोग शून्य. पंपावर नॉब असतो तो पेशंटच्या वजनाप्रमाणं लावायचा, आमचा पहिल्या दिवसापासून फुल्ल होता, म्हणजे दगडच. बरोबर लागलाय का ते बघायचं तर हवेच्या गादीखालून माकडहाडाच्या खाली हात सरकवायचा, हातावर पेशंटचं हाड टेकतंय असं वाटलं तर हवा कमी आहे, मध्ये साधारण इंचभर हवा लागली पाहिजे. हे मला नंतर घरी येणाऱ्या फिजिओ मॅडमनी शिकवलं.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे गादी असली तरी कूस बदलावीच लागते. दर दोन तासाला, रात्री पण. गादी तुमची झोप वाचवत नाही, हे त्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलं पाहिजे खरंतर. पूर्ण कुशीवर नाही वळवायचं, पाठीमागं उशी लावून थोडं कलतं ठेवायचं. आणि आईचं खुब्याचं ऑपरेशन म्हणून दोन पायांच्या मध्ये कायम उशी, पाय एकमेकांवर जाऊ द्यायचे नाहीत. ऑपरेशनच्या बाजूवर कधीपासून झोपवायचं ते ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच विचारा, प्रत्येकाचं वेगळं असतं. टाचांना बेडसोर होतात हे तर माहीतच नव्हतं. पोटरीखाली उशी द्यायची म्हणजे टाच हवेत राहते, फुकटचा उपाय. मी मात्र त्याआधी 350 रुपयांची हवेची रिंग आणली होती माकडहाडासाठी, ट्यूबसारखी, ती घेऊ नका. भोकाच्या कडेनं दाब पडतो आणि मधल्या भागाचं रक्त अजून अडतं. आमची दोन दिवस वापरली, आता माळ्यावर आहे.

गादीचा दुसरा ताप म्हणजे लाइट. आमच्याकडं पावसात लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. लाइट गेली की पंप बंद, आणि आमच्या गादीतली हवा अर्ध्या-पाऊण तासात बसली. पंप इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या, पहिल्याच दिवशी. आणि सेफ्टी पिना! आईच्या गाऊनला दोन पिना कायम असतात, ही सवय कुणाच्या आईची गेलीय. एका फुग्याला भोक पडलं, खोक्यात चिकटवायची पट्टी येते ती लावली, टिकली. पिना मात्र मी जप्त केल्या, त्यावर आठ दिवस अबोला होता.

गादीला पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा कागदामुळं गेला, एक आमच्याच अडाणीपणामुळं, पण तो दुकानानं टाळता आला असता. डाग पंधरा दिवसात गेला, जखम झाली नाही, पण त्याचं श्रेय गादीपेक्षा मावशींना.

फावलर बेड भाड्यानं, महिना 2500, डिपॉझिट वेगळं. घ्या, विकत नको. हँडल फिरवून डोकं वर करता येतं, त्याचा खरा उपयोग जेवताना. आईला आम्ही आधी आडवीच चमच्यानं पेज भरवत होतो, ठसका लागायचा, आणि वर म्हणायचो कफ का जात नाही. जेवताना पूर्ण बसतं करायचं, हनुवटी थोडी खाली, घास गिळल्याशिवाय पुढचा नाही, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी तसंच बसू द्यायचं. मग मात्र डोकं खाली घ्यायचं, कारण अर्धवट उठवून तासन्तास ठेवलं की माणूस खाली खाली सरकतो आणि पाठीची कातडी ओढली जाते. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. अंगाखाली आडवी घडी केलेली चादर ठेवा आणि दोघांनी दोन बाजूंनी चादरीसकट उचलून सरकवा. मी एकट्यानं काखेतून ओढत होतो, माझी कंबर धरली ती वेगळीच, चार दिवस आईच्या शेजारी मीच पट्टा लावून पडलेलो.

वॉकर 1100. ठीक. उंची आपण ॲडजस्ट करायची असते हे पण कुणी बोललं नाही. सरळ उभं राहून हात सोडले की मनगटाच्या रेषेला वॉकरची मूठ आली पाहिजे. आईचा इतका उंच होता की ती खांदे वर करून चालायची आणि आम्ही म्हणायचो घाबरते. खालची रबरी बुचं झिजतात, महिन्यातून एकदा उलटा करून बघा, नवी बुचं किरकोळ पैशात मिळतात. उठवताना झटक्यात उभं करायचं नाही, पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं कडेला बसवायचं, नाहीतर चक्कर येते, बीपीची गोळी असेल तर जास्तच.

कमोड खुर्ची 1900, पाचपैकी पाच. आमचा संडास भारतीय पद्धतीचा, त्याच्यावरच ठेवायची. चाकांची घेऊ नका, आम्ही बघितली त्या चाकांना ब्रेकच नव्हता, चार पायांची रबरी बुचवाली घ्या. बसवून उठवून बघा दुकानातच, हलते का. दुकानाचा मालक पोरापेक्षा बरा निघाला, त्यानंच सांगितलं, "आतली कडी काढून टाका भाऊ, आजी आत पडल्या तर दार कसं उघडणार?" आमचं दार आत उघडणारं, माणूस दाराला टेकून पडला तर ढकलता पण येत नाही. कडी काढली, दाराला देवघरातली जुनी घंटी बांधली, आत गेलं की वाजवायची. आई आधी चिडली, आता नातवंडांना बोलवायला पण तीच वाजवते.

पडली त्या दिवशीची आमची चूक पण लिहितो. मी आणि बायकोनं दोन्ही हातांना धरून तिला उठवली आणि चालवत पलंगापर्यंत नेली. असं करायचं नसतं. पाय आखूड दिसतोय, बाहेर वळलाय, हलवता येत नाही, असं काही दिसलं तर आहे तिथंच ठेवायचं, पांघरूण घालायचं आणि 108 ला फोन. डॉक्टरांनी विचारलं कसं आणलं, तर मी गप्पच बसलो.

आता सगळ्यात भंगार वस्तू. भिंतीला चिकटणारं सक्शनचं हँडल, 450 रुपये, बाथरूमसाठी. दाबलं, खटका लावला, हिरवी खूण दिसली, मी स्वतः ओढून बघितलं, पक्कं. आमच्या टाइल्स थोड्या खरबरीत. चौथ्या दिवशी मावशी आईला आंघोळीला नेणार होत्या, त्याच्या आधी हात लावला तर हँडल हातात. आई त्याला धरून उठत असती तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही. प्लंबरला बोलवून भिंतीत ड्रिल करून स्टीलचा दांडा बसवला, संडासात एक, आंघोळीच्या जागी एक, मजुरीसकट 1600 गेले. सक्शनवालं नको म्हणजे नको, कितीही रिव्ह्यू चांगले असोत.

परत द्यायला गेलो तर पोरगं म्हणतं वापरलेला माल परत घेत नाही. सध्या ते स्वयंपाकघरात फरशीच्या गुळगुळीत भागावर लावलंय, त्यावर हातपुसणं असतं. तेवढं वजन पेलतंय.