चूल एकत्र की वेगळी? ब्रेक्झिटचा हिशेब

सदाशिव पेठेतल्या वाड्यात भाऊ वेगळे निघाले तरी जिना आणि नळ सामायिकच राहतो. ब्रिटनचं काहीसं तसंच झालं. 2016 च्या सार्वमतात 51.9 टक्के लोकांनी वेगळं निघायचा कौल दिला आणि 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडला.

आत असताना वर्गणी भरायची, ब्रसेल्सचे, म्हणजे संघाच्या मुख्यालयाचे, नियम पाळायचे, स्वतःचे व्यापार करार करायचे नाहीत. बदल्यात डोव्हरहून निघालेला ट्रक कस्टम्सला न थांबता थेट फ्रान्समध्ये.

बाहेर पडल्यावर संघाशी केलेल्या करारामुळे आयातशुल्क टळलं, पण कागदपत्रं आली. मांस, चीज, मासळी विकणाऱ्यांना आरोग्य प्रमाणपत्रं आली. मोठी कंपनी त्यासाठी माणूस नेमते. छोटा व्यापारी निर्यातच सोडतो. ब्रिटनच्याच अर्थसंकल्पीय कार्यालयाचा अंदाज आहे, की संघात राहिलं असतं त्यापेक्षा उत्पादकता दीर्घकाळात सुमारे 4 टक्के कमी राहील. ब्रिटनचाच भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये तर मालासाठी युरोपचे बरेच नियम अजून लागू आहेत.

जमेची बाजू? स्वतंत्र करार. जुलै 2025 मध्ये भारताशी झाला, म्हणजे चाकणच्या कारखानदारांनाही त्यात रस. (आपल्याकडे चर्चा झाली ती व्हिस्कीची: शुल्क 150 वरून 75 टक्के.) पण शेजारचं गिऱ्हाईक दुखावून लांबचं मिळवणं, हा सौदा मला आतबट्ट्याचाच वाटतो.

नॉर्वेसारखा मधला मार्गही होता: बाजार खुला, नियम बंधनकारक, मत नाही. मेंटेनन्स भरा, सोसायटीच्या मीटिंगला येऊ नका!